घड्याळजीच्या पोराने थ्री-नॉट-थ्री बनवली, आणि तिचे सुटे भाग जग आजही शोधतंय

कॉलेजात एनसीसी केली असेल, तर डीपी रायफल खांद्यावर घेऊन केलेली परेड आठवत असेल. नसेल केली, तरी पोलीस चौकीबाहेर, बँकेच्या कॅश व्हॅनजवळ किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात एक लांब, लाकडी, जड बंदूक कधी ना कधी पाहिलेलीच असते. आपल्याकडे तिचं नाव एकच. थ्री-नॉट-थ्री.

कागदोपत्री तिचं नाव ली-एनफिल्ड. त्यातलं एनफिल्ड हे लंडनजवळच्या सरकारी बंदूक कारखान्याचं गाव. मग ली कोण?

अनेकांना वाटतं की तो कुणी इंग्रज लष्करी अधिकारी असेल. अमेरिकन यादवी युद्धातला जनरल रॉबर्ट ली असेल, असंही काहींना वाटतं. पण दोन्ही अंदाज चुकीचे. हा ली होता जन्माने स्कॉटिश, वाढीने कॅनेडियन, कामाने अमेरिकन आणि पेशाने घड्याळजी. नाव जेम्स पॅरिस ली.

जगभरात आज हजारो हौशी लोक जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली दुरुस्त करतात. म्हणजे ज्यांना प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करावा लागतो, अशा बंदुका. गंज काढायचा, फुटलेलं लाकूड बदलायचं, हरवलेला एखादा स्क्रू महिनोन् महिने शोधायचा, असं हे काम. त्यात ली-एनफिल्डवर काम करणारे भरपूर आहेत. गंमत म्हणजे लीने स्वतःच्या आयुष्याची सुरुवात नेमक्या याच उद्योगाने केली होती.

बापाचं जुनं पिस्तूल आणि अर्ध्या पेनीचं नाणं

९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधल्या हॉइक या गावी जेम्सचा जन्म झाला. वडील जॉर्ज ली घड्याळं आणि दागिन्यांच्या कामातले कारागीर. जेम्स पाच वर्षांचा असताना कुटुंब बोटीत बसलं आणि थेट कॅनडात गेलं. तिथे ओंटारियोतल्या गॉल्ट नावाच्या गावात त्यांनी बिऱ्हाड थाटलं.

घरात बारीक चिमटे, कानशी, भिंग, छोटी चक्रं अशी हत्यारं कायम पसरलेली. पोराचा हात त्यावर बसणारच होता. पण जेम्सचं डोकं घड्याळापेक्षा बंदुकीत जास्त रमलं.

बारा वर्षांचा असताना त्याने पहिली बंदूक बनवली. नवीन सामान आणायला पैसे कुठले? वडिलांचं एक जुनं घोडेस्वारी पिस्तूल पडून होतं, त्याची नळी घेतली. अक्रोडाचं लाकूड तासून दस्ता केला. रंजक ठेवायची छोटी वाटी लागते, ती अर्ध्या पेनीच्या नाण्यातून केली. बंदूक काही धड चालली नाही. पण जुन्या बंदुकीचा एक भाग घ्यायचा, नसलेला भाग हाताने घडवायचा आणि सगळं एकत्र बसवायचं, हा धडा मात्र पक्का झाला.

वडिलांच्या हाताखाली त्याने घड्याळाचं काम शिकून घेतलं आणि १८५० च्या सुमारास चॅटम या गावात स्वतःचं दुकान टाकलं. पुढे कॅरोलाइनशी लग्न झालं, दोन मुलं झाली. १८५८ साली हे कुटुंब सीमा ओलांडून अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आलं. इथेही धंदा घड्याळाचाच.

एक हजार बंदुका आणि न जुळलेलं माप

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तेव्हा सैनिकांच्या हातात मुख्यतः ठासणीच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. तोवर समोरचा अंगावर आलेला असायचा.

ली कामाला लागला. त्याने प्रचलित स्प्रिंगफील्ड बंदूक घेतली आणि ती मागच्या बाजूने भरता येईल अशी सोय शोधून काढली. १८६२ मध्ये त्याला या कामाचं पेटंट मिळालं. थोडक्यात काय, तर पुन्हा तेच. जुनी बंदूक, नवा भाग.

त्यातून धीर आला. मिलवॉकी शहरात ली फायरआर्म्स कंपनी उभी राहिली. १८६५ मध्ये अमेरिकन सैन्याकडून एक हजार कार्बाइनचं, म्हणजे आखूड बंदुकांचं कंत्राट मिळालं. या कार्बाइनची नळी बाजूला वळवून मागून काडतूस भरता यायचं. घड्याळजीचं नशीब उघडलं, असं कुणालाही वाटलं असतं.

पण सैन्याला हवं असलेलं नळीचं माप आणि कंपनीने बनवलेल्या बंदुकांचं माप जुळेना. त्यात युद्धही संपलं होतं, नव्या बंदुकांची घाई कुणालाच उरली नव्हती. सैन्याने माल घ्यायला नकार दिला, प्रकरण भांडणापर्यंत गेलं. कंपनीने तयार भागांतून थोड्या बंदुका बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकून पाहिल्या, पण तेवढ्यावर कारखाना चालत नाही. ली फायरआर्म्सचा गाशा गुंडाळला गेला.

त्या वेळी ली पस्तिशीत होता. इंचाच्या अगदी लहानशा भागाने त्याची कंपनी बुडाली होती. आज त्याच्या रायफली दुरुस्त करणारी माणसंही अशाच बारीक फरकांशी झगडतात.

एक पत्र्याची पेटी

ली पूर्वेकडे सरकला. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टनचा मोठा कारखाना होता, तिथे त्याचं काम सुरू झालं. आता त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. एकामागून एक गोळ्या झाडायच्या तर त्या बंदुकीत ठेवायच्या कुठे?

तेव्हाच्या बऱ्याच रायफलींत नळीच्या खाली आणखी एक लांब नळी असायची. काडतुसं तिच्यात एकामागे एक ओळीने भरायची. यात दोन अडचणी होत्या. भरायला वेळ लागायचा आणि गोळ्या संपत जातील तसा बंदुकीचा तोल बदलायचा.

लीचं उत्तर फार साधं होतं. पत्र्याची एक छोटी पेटी. काडतुसं तिच्यात एकावर एक रचायची, खाली स्प्रिंग, आणि ही पेटी बोल्टच्या बरोबर खाली अडकवायची. बोल्ट मागे ओढला की स्प्रिंग पुढचं काडतूस वर ढकलते, बोल्ट पुढे नेला की ते नळीत जातं. पेटी रिकामी झाली तर काढून दुसरी लावता येते. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. आज सिनेमात हिरो ज्या झटक्यात मॅगझिन बदलतो, त्या मॅगझिनच्या वंशावळीत ही पेटी फार वरच्या जागी आहे.

पण नशिबाचे फेरे काही संपले नव्हते. ही रायफल बनवण्याचं काम ब्रिजपोर्टच्या शार्प्स कंपनीकडे होतं आणि शार्प्स १८८०-८१ च्या सुमारास बंद पडली. काम रेमिंग्टनकडे गेलं. अमेरिकन नौदलाने सुमारे ३०० रायफली घेतल्या, पण सैन्याची मोठी ऑर्डर काही येईना. आणि १८८६ मध्ये रेमिंग्टनही कर्जात बुडाली.

गोरा साहेब आणि मॅगझिनची साखळी

अमेरिकेने फारसं मनावर घेतलं नाही, पण ब्रिटन तेव्हा नव्या रायफलीच्या शोधात होता. अनेक नमुन्यांच्या चाचण्या झाल्या आणि लीचा बोल्ट व मॅगझिन पसंत पडलं. नळीतले पेच विल्यम मेटफर्ड या इंग्रज इंजिनियरच्या पद्धतीचे घेतले. डिसेंबर १८८८ मध्ये ही रायफल ब्रिटिश सैन्यात दाखल झाली. नाव ली-मेटफर्ड. नळीचं माप ०.३०३ इंच. थ्री-नॉट-थ्री हा शब्द आला तो इथून.

ब्रिटिश सैन्याचा या नव्या पेटीवर मात्र विश्वास नव्हता. सैनिक ती हरवतील म्हणून सुरुवातीच्या रायफलींत मॅगझिन छोट्या साखळीने बंदुकीलाच बांधून टाकलं. वर एक सरकती पट्टीही बसवली. ती आत ढकलली की मॅगझिन बंद. सैनिकाने एकेक गोळी हाताने भरायची आणि मॅगझिनमधल्या गोळ्या अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायच्या. शोधकाने काढून बदलता येईल अशी पेटी दिली आणि साहेबाने तिला साखळी घातली.

पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू वापरात आली. तिच्या उष्णतेने मेटफर्डचे उथळ पेच लवकर झिजायला लागले. म्हणून एनफिल्डच्या कारखान्याने खोल पेचांची नळी काढली आणि १८९५ मध्ये रायफल ली-एनफिल्ड झाली. मेटफर्डचं नाव गेलं, लीचं राहिलं.

त्याच १८९५ मध्ये अमेरिकन नौदलाने लीची एक वेगळी, सहा मिलिमीटरची रायफल स्वीकारली. ती विंचेस्टरने बनवली. पण ती काही वर्षांतच बाजूला पडली.

बोअर युद्धाच्या अनुभवानंतर ब्रिटिशांनी पायदळ आणि घोडदळ दोघांना चालेल अशी आखूड ली-एनफिल्ड आणली. तिची सुरुवात लीने पाहिली. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात शॉर्ट बीच इथे, वयाच्या ७२ व्या वर्षी तो गेला. तिचा सगळ्यात गाजलेला मार्क थ्री हा नमुना १९०७ चा, म्हणजे तो गेल्यानंतरचा. दोन महायुद्धं तर त्याला स्वप्नातही दिसली नसतील.

रायफल भारतात येते

बंगालमधल्या इशापूरला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या रायफली बनू लागल्या. तिची काडतुसं आपल्या पुण्यातही बनायची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडावर केएफ अशी इंग्रजी अक्षरं दिसली, तर ते काडतूस खडकीचं, असं जगभरचे संग्राहक आजही ओळखतात.

या बंदुकीचा आपल्याकडचा इतिहास सुखाचा नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत ज्या १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच रायफलींतून. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यानेही हीच वापरली. १९६२ च्या चीन युद्धात तिचं वय उघडं पडलं. मग इशापूरने त्याच आराखड्यावर जास्त मजबूत पोलादाची, ७.६२ मिलिमीटरची टू-ए रायफल बनवली. सैन्यातून थ्री-नॉट-थ्री गेली तरी पोलिसांकडे राहिलीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटी स्थानकात एके-४७ घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं, हे मुंबई विसरलेली नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडला.

आता मुद्दा सुट्या भागांचा

ली-एनफिल्डच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून अंदाजे १ कोटी ७० लाख रायफली बनल्या. ब्रिटनमधले अनेक कारखाने, भारतात इशापूर, ऑस्ट्रेलियात लिथगो, कॅनडात लाँग ब्रांच, अमेरिकेत सॅव्हेज. दुसऱ्या महायुद्धानंतर यातल्या लाखो रायफली भंगाराच्या भावात विकल्या गेल्या. परदेशात शिकाऱ्यांनी त्या घेतल्या, पुढचं लांब लाकूड कापून टाकलं आणि हलक्या करून वापरल्या. आज त्याच कापलेल्या बंदुका पूर्वरूपात आणायचा खटाटोप चालतो. मग शोध सुरू होतो लाकडाचा, पट्ट्यांचा आणि स्क्रूंचा.

इतक्या बनल्या म्हणजे भाग सहज मिळत असतील, असं वाटेल. मिळतात, पण बसतातच असं नाही.

साधा स्क्रू घ्या. एनफिल्डच्या कारखान्याचे स्वतःचे आटे होते. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दिसायला सारखा असला तरी आत जात नाही. जोर लावला तर शंभर वर्षांचे आटे कायमचे जातात. पहिल्या महायुद्धातली मार्क थ्री आणि दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर या सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीचा बोल्ट दुसरीला चालत नाही. इशापूरच्या टू-एचं चौकोनी मॅगझिनही थ्री-नॉट-थ्रीचं नव्हे.

बोल्टमध्ये मात्र लीची करामत दिसते. या बोल्टचं डोकं वेगळं आहे, ते आट्यांवर फिरवून काढता येतं. नळीचं मागचं टोक आणि बोल्टचं डोकं यांच्यातली, काडतुसाच्या बुडाची कड बसायची जागा फार नेमकी लागते. ब्रिटिश लष्करी मोजणीत ती ०.०६४ ते ०.०७४ इंच. जागा वाढली की काडतुसाचं कवच आतच फाटू शकतं आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. इतर अनेक रायफलींत ही झीज भरून काढायची तर नळी किंवा पूर्ण बोल्ट बदलावा लागतो. नंबर फोरमध्ये ०, १, २, ३ अशा आकड्यांची, किंचित वाढत्या लांबीची डोकी असायची. झीज झाली की पुढच्या आकड्याचं डोकं लावायचं. घड्याळात झिजलेलं एक चाक बदलावं, तसंच.

बोल्टचा मुख्य भाग मात्र त्या त्या रायफलीला बसवलेला असतो आणि त्यावर तिचाच क्रमांक कोरलेला असतो. बाजारातून दुसरा बोल्ट आणून लावला तर रायफल दिसते पूर्ण, पण तपासणीशिवाय ती झाडणं म्हणजे जिवाशी खेळ. एनसीसीतल्या डीपी रायफलींचंही तसंच. डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी. त्या किंवा त्यांचे भाग गोळी झाडायच्या बंदुकीत कधीच वापरायचे नसतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या लाकडात. मार्क थ्रीचा दस्ता एका लांब बोल्टने आतून आवळलेला असतो. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकून बसतं, म्हणजे तो सैल होत नाही. नवशिका माणूस दस्ता काढायला थेट हा बोल्ट फिरवतो. चौकोनी टोक फिरतं आणि शंभर वर्षं टिकलेलं पुढचं लाकूड तडकतं. म्हणून नियम असा की आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच दस्ता. इशापूरच्या कारागिरांना लाकूड फुटण्याचा हा त्रास चांगला माहीत होता. त्यांनी पुढच्या लाकडात आडवा स्क्रू मारून ते बांधून टाकलं. तो आडवा स्क्रू दिसला की संग्राहक ओळखतात, बंदूक भारतात राहून आली आहे.

नवीन लाकूड मिळालं तरी ते नुसतं अडकवून चालत नाही. गोळी सुटताना बसणारा धक्का लाकडाच्या मागच्या दोन्ही बाजूंवर सारखा यावा लागतो. एकीकडे जरी फट राहिली, तरी नेम हलतो आणि काही दिवसांत लाकूड फुटतं. म्हणून काजळी लावून लाकूड बसवायचं, काढायचं, कुठे टेकतंय ते पाहायचं, केसभर तासायचं आणि पुन्हा बसवायचं. शेवटी जवसाचं कच्चं तेल चोळायचं. सैन्यातही तेच वापरलं जायचं. चकाकणारं व्हार्निश लावलं की जाणकार नाक मुरडतात.

आणि लीची ती नौदलाची सहा मिलिमीटरची रायफल? ती सैन्यासाठी सुमारे १५ हजारच बनली. तिचा एखादा छोटा भाग मोडला की मालक हताश होतात. एकाच माणसाच्या दोन रायफली, पण एकीचे भाग पाच देशांतल्या कारखान्यांतून आलेले आणि दुसरीचे भाग सोन्याच्या भावाचे.

भारतात ही हौस करता येते का?

सर्वसामान्य माणसाला नाही. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री हे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर ही रायफल ठेवता येत नाही. इंग्रजांच्या काळापासून सरकारला भीती होती की लष्कराचं काडतूस लोकांच्या बंदुकीत जाईल. म्हणून नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल आली. ती बनते इशापूरलाच आणि तिच्या पोटात बोल्ट कुणाचा? लीचाच. गावाकडे कुणाच्या घरी परवान्याची थ्री-वन-फाइव्ह असेल, तर तो घड्याळजी त्या घरातही पोचलेला आहे. घरात आजोबांच्या काळातली जुनी बंदूक सापडली, तर ती खोलून पाहण्याआधी पोलीस ठाण्यात कळवणं हाच एक योग्य मार्ग.

लीच्या पहिल्या कंपनीचा माल मापात बसला नाही म्हणून परत आला. शार्प्स बंद पडली, रेमिंग्टन बुडाली, अमेरिकन सैन्याने त्याला कधी मोठी ऑर्डर दिलीच नाही. पण बंदूक सुट्या, बदलता येणाऱ्या भागांत मांडायची त्याची घड्याळजीची सवय सुटली नाही. आज कॅनडातल्या नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या गॅरेजमध्ये कुणीतरी बोल्टचं डोकं हातात घेऊन भिंगातून त्यावरचा आकडा वाचत बसलेलं असतं. बापाच्या जुन्या पिस्तुलाची नळी घेऊन बसलेला बारा वर्षांचा जेम्सही साधारण हेच करत होता.